तिसरं दळण

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. चकलीची भाजणी भाजून ताटांत पसरून गार करत ठेवली होती. ४ वाट्या तांदूळ, २ हरभऱ्याची डाळ, १ उडदाची, मूठभर पोहे, धणे-जिरे. हे माप सासूबाईंचं. दुपारी चारच्या सुमाराला घंटीच्या वरच्या तोंडात पहिली ओंजळ टाकली आणि बटण दाबलं. मोटर फिरली नाही. जागच्या जागी घुमली, करपल्या रबराचा वास आला आणि अख्ख्या घरातली वीज गेली.

मी बटण बंद केलं, पिन उपसली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. वास विरेपर्यंत परत आत जायचा धीर झाला नाही.

आम्ही बडोद्याला अकोट्यात राहतो, एका जुन्या तीन मजली इमारतीत, पहिल्या मजल्यावर. इथे घरघंटीला नुसतं घंटी म्हणतात आणि ती बऱ्याच स्वयंपाकघरांत असते. दिसायला छोट्या कपाटासारखी. वर धान्य टाकायचं तोंड, आत दळायची स्टीलची खोली, खाली पिठाचा डबा आणि मागच्या कप्प्यात १ हॉर्सपॉवरची मोटर. आकड्यांच्या जाळ्या मिळतात. जशी जाळी तसं पीठ. गुजराती स्वयंपाकाला हे फार सोयीचं, कारण रोटलीला बारीक पीठ लागतं, भाखरीला जाडसर आणि ढोकळ्याला रवाळ. कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याला इतके प्रकार रोज कोण सांगणार? मराठी घरांनीही ती सवय उचलली. आमच्याकडे ज्वारी, तांदळाची पिठी, थालीपिठाची भाजणी, सगळं घरीच दळलं जातं.

घंटी सासूबाईंनी घेतली होती आणि ती वापरायची रीतही त्यांचीच. माझी घाई असायची. पिठाचा डबा भरला की मी तो उचलून झाकण लावायला निघायचे. त्या म्हणायच्या, "अगं, दळण अजून संपलं नाही." मग घंटी निवू द्यायची, जाळी काढायची, लहान ब्रशनं आतलं पीठ झाडायचं, खालचं दार उघडून डब्यामागची जागा कोरड्या फडक्यानं पुसायची आणि डब्यावरचं फिल्टरचं कापड सोडवून गच्चीत नेऊन झटकायचं. पाव तासाचं काम. ते कापडही विकतचं नव्हतं. कंपनीचं कापड विरल्यावर त्यांनी आपल्या एका जुन्या सुती पातळाचं शिवलं होतं, अंजिरी काठाचं, कडेला इलॅस्टिक घालून. त्या जाऊन सहा वर्षं झाली, कापड तेच होतं. पाव तासाचं काम मी पाचेक वर्षं नेमानं केलं. २०२४च्या सप्टेंबरात सोडलं.

त्याचं कारण सांगायचं तर ऑगस्टपासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती. त्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि वर आजवा सरोवराचं पाणीही विश्वामित्री नदीत येत होतं. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट. नदी ३५ फुटांच्याही वर गेली. मगरी गल्ल्यांत दिसल्या. आमच्या इमारतीत पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. आम्ही वर होतो म्हणून वाचलो. तळमजल्यावरच्या मासींच्या घरात फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. त्यांची घंटी, मिक्सर, गव्हाच्या कोठ्या, गाद्या, सगळं गेलं. दोन रात्री त्या आणि काका आमच्या हॉलमध्ये झोपले. वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात मासी एकदा एवढंच म्हणाल्या की वर्षाचा गहू मे महिन्यातच भरला होता, एरंडेल लावून.

पाणी उतरलं आणि गणपती आले. ७ सप्टेंबर. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. मोदकांची पिठी दळायला घंटी लावली तेव्हा वाटलं, आपलीच तेवढी घंटी इमारतीत चालू आहे, तर सगळ्यांचं दळून द्यावं. चक्कीवाल्याच्या दुकानातही चिखल होता. मी घरोघर जाऊन सांगून आले. त्या दिवसापासून आमच्यासकट पाच घरांचं दळण आमच्या स्वयंपाकघरात होऊ लागलं. सकाळी मासींचा गहू, दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याचा, संध्याकाळी बाजरी. एक डबा उतरला की दुसरा चढायचा. झाडायला, पुसायला मध्ये वेळ राहिला नाही. संध्याकाळी दमून मी वरवर फडकं फिरवायचे आणि मनाशी म्हणायचे, उद्या नीट करू. पीठ मागच्या कप्प्याच्या फटीत साचत गेलं. मला ते दिसत नव्हतं असं नाही.

आता हे लिहिताना आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. भाजणीच्या आधी चार-पाच दिवस घंटीच्या स्टीलच्या तोंडाला हात लागला तेव्हा बोटांना झिणझिण्या आल्या होत्या. हात ओला होता. मला वाटलं, ओल्या हातानं झालं असेल. पुसला आणि दळत राहिले. त्या दुपारी दुसऱ्या मजल्यावरची तीन वर्षांची मुलगी घंटीच्या बाजूला बसून पीठ पडताना बघत होती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

घंटीवाले भाई दुसऱ्या दिवशी सकाळी आले. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी आधी पिनच काढलेली आहे ना ते स्वतः पाहिलं. मग मागची फळी सोडवली, कपॅसिटरच्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवून साठलेला करंट उतरवला आणि टॉर्च आत धरला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेन, आ तो उंदरनुं काम छे."

मी वाकून पाहिलं. वायरचं वरचं आवरण चार बोटं लांबीत तीन ठिकाणी सोललेलं होतं, आत तांबं चकाकत होतं. हिरवी अर्थिंगची वायर तर पूर्ण तुटली होती. भाईंनी समजावून सांगितलं ते मला प्रथमच नीट कळलं. उघडी पडलेली वायर आतल्या पत्र्याला लागली की पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंग जागेवर असेल तर तो जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंगच कुरतडलेलं असेल तर तो पत्र्यातच वाट बघत बसतो, कोणीतरी हात लावेपर्यंत. झिणझिण्या त्याच होत्या. शेवटी दोन उघड्या वायरी एकमेकींना टेकल्या म्हणून वीज गेली. भाई म्हणाले ते एका अर्थी बरंच झालं. मुख्य बोर्डावर गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. जुनी इमारत, जुना बोर्ड. ३० मिलिअँपिअरला तोडणारं ते यंत्र आम्ही त्याच आठवड्यात बसवून घेतलं. खर्च झाला तो त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघून केला.

मग भाईंनी टॉर्च खाली वळवला. मोटरच्या बुडाशी, जिथे दळून झाल्यावर बराच वेळ ऊब राहते, तिथे एक घरटं होतं. कागदाचे तुकडे, थर्माकोलचा चुरा, सुतळी आणि भोवती मऊ, बारीक कातरलेल्या चिंध्या. चिंध्यांना अंजिरी काठ होता. आत सहा पिल्लं. गुलाबी, केस न आलेली, डोळे मिटलेली, करंगळीच्या दोन पेरांएवढी. एकावर एक पडून हलत होती.

मी मटकन खाली बसले. सासूबाईंचं पातळ. फिल्टरच्या कापडाचा मधला भाग कुरतडून नेला होता, इलॅस्टिकची कड तेवढी डब्याच्या गळ्याशी राहिली होती, म्हणून वरून बघताना कापड जागेवर वाटायचं. शेवटचं ते सोडवून झटकलं होतं कधी? गणपतीच्या आधी.

आणि त्याच क्षणी मला दुसरी गोष्ट कळली. उंदीर नुसता मोटरच्या कप्प्यात नव्हता. कापडापर्यंत येत होता, म्हणजे पिठाच्या डब्यापर्यंत येत होता. डब्यामागे टॉर्च टाकला तर तिथे लेंड्या होत्या. जिऱ्यापेक्षा मोठ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. गेले काही दिवस मी पाच घरांना जे पीठ दिलं ते त्या डब्यातून दिलं होतं.

हे ऑफिसात होते. मी त्यांना फोन केला नाही. भाईंना म्हटलं, तुम्ही चहा घ्या, मी आलेच. आणि जिना उतरले.

मासींच्या घरी भिंतींना अजून ओल होती, कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ. त्या ओट्याशी उभ्या राहून भाखरीचं पीठ मळत होत्या. आमच्याकडचंच पीठ. मी सरळ सांगितलं की घंटीत उंदरानं घर केलंय, पिठाला लागलाय, ते टाकून द्या, आणि माझ्याकडून घंटी साफ करायची राहिली होती. शेवटचं वाक्य बोलताना आवाज फुटेना. मासींनी परातीकडे पाहिलं. मळलेला गोळा उचलला, डब्यातलं उरलेलं पीठ त्यावर ओतलं आणि सगळं ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं. "कंई वांधो नहीं, बेन," म्हणाल्या. पुरानं ज्यांचं वर्षाचं धान्य नेलं त्यांना दिलेलं पीठही मी परत फेकायला लावलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या मजल्यावर तसं झालं नाही. ती तरुण आई ऐकता ऐकता पांढरी पडली. मुलीनं सकाळीच शिरा खाल्ला होता. तिनं विचारलं, "काकी, तुम्हाला आजच कळलं?" मी हो म्हटलं, ते खरं होतं. पण झिणझिण्यांचंही सांगितलं, कारण मुलगी तिथे बसायची. त्यानंतर तिनं दार लोटून घेतलं. संध्याकाळी दोघं मुलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आमच्याही डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, तव्यावर, कढईत नीट शिजलेल्या अन्नातून धोका कमी असतो. उंदराच्या मुतातून येणारा लेप्टोचा जंतू ओलीत टिकतो, कोरड्या पिठात फारसा नाही. तरी महिनाभर कोणाला ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर दुखणं अंगावर काढू नका. दक्षिण गुजरातेत, सुरत-वलसाडकडे, भाताच्या शेतांत पावसाळ्यात हा रोग होतो, म्हणून इथले डॉक्टर त्याबाबत सावध असतात. पाचही घरांत कोणालाच काही झालं नाही. पण तो महिना मी रोज सकाळी जिन्यातले आवाज ऐकत काढला, कोण खोकतंय, कोण उशिरा उठलंय.

मला भीती वाटायला एक जुनं कारण होतं. १९९४च्या सप्टेंबरात माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तापीला पूर येऊन गेला आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची बातमी आली. लाखो माणसं सुरत सोडून निघाली, त्यांच्या गाड्या बडोद्यावरून जात होत्या. औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेना, रस्त्यात लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. त्या आठवड्यात सासूबाईंनी स्वयंपाकघरातली प्रत्येक फळी उतरवली. कोठ्या रिकाम्या केल्या, धान्य उन्हात घातलं, भिंतीतली भोकं काच आणि सिमेंटनं बुजवली. मी म्हटलं, आई, सुरत दीडशे किलोमीटर लांब आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या आजी सांगायच्या, उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, पण ते कोठीत येऊच द्यायचे नाहीत हे त्याच्या आधीचं काम." त्यांच्या आजींच्या लहानपणी मुंबई-पुण्याकडे प्लेग होता. लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचे. पूर, मग उंदीर, मग रोग ही साखळी त्यांनी ऐकून ठेवली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर पार पाडून दाखवली होती. तीस वर्षांनी पूर माझ्या जिन्याच्या सातव्या पायरीवर येऊन थांबला आणि मी त्यापुढचं विसरले.

कारण पूर येतो तेव्हा बिळांतही पाणी भरतं. घुशी, उंदीर नदीकाठ आणि गटारं सोडून वर निघतात. आमच्याकडे आला तो घरातला काळा उंदीर, जो पाइपांवरून, वायरींवरून, भिंतीवरून सहज चढतो. चिमणीच्या धुराच्या नळीवरचं झाकण पुराच्या वाऱ्यापावसात निखळलं होतं. आत यायला ती वाट. घंटीच्या मागे, वायर जिथून आत जाते तिथलं रबरी बूच कधीतरी पडलेलं होतं. अंगठा जाईल एवढं भोक. आत अंधार, ऊब, खाली सांडलेलं पीठ आणि गादीला मऊ सुती कापड. उंदरीला यापेक्षा काय हवं? तिचे दिवस तीन आठवडे चालतात. मी बोटांवर मोजून पाहिलं. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात कधीतरी ती गाभण राहिली असणार आणि आम्ही नवरात्रातले गरबे खेळून रात्री उशिरा येत होतो तेव्हा स्वयंपाकघराच्या अंधारात ती पातळ कातरत असणार.

वायर ती खात नव्हती, हेही भाईंनी सांगितलं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढून कडक आणि मागून मऊ, त्यामुळे कुरतडताना ते सुताराच्या पटाशीसारखे आपोआप धारदार होतात. कुरतडलं नाही तर दात वाढून तोंडच मिटायचं नाही. तिला लाकूड, प्लॅस्टिक, वायर सगळं सारखंच.

भाई म्हणाले, पिल्लं काढा, मगच मी हात घालीन. मी मोठी सुपली आणली. चिंध्यांसकट घरटं अलगद उचललं आणि बुटांच्या खोक्यात ठेवलं. पिल्लं चिवचिवत होती, अगदी बारीक. खोकं घेऊन किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, गणपतीचं वाहन, मारू नका. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, सहा आहेत, सहा महिन्यांत शंभर होतील, बादलीत बुडवा. दोघांचंही म्हणणं ऐकलं. बुडवायला हात झाला नाही. मी खोकं मागच्या भिंतीलगत जास्वंदीच्या बुडाशी ठेवलं. आई शोधत येईल असं वाटलं आणि येऊ नये असंही वाटलं. संध्याकाळी खोक्यात फक्त चिंध्या होत्या. मांजरानं नेली, कावळ्यानं नेली, की आईनं एकेक तोंडात धरून नेली, ते मला कळलं नाही. सेक्रेटरी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी इमारतीच्या आवारात सहा उंदीर सोडले होते.

अंजिरी काठाच्या चिंध्या मी परत आणल्या नाहीत. आणाव्याशा वाटल्या, पण त्या घाण झाल्या होत्या.

पुढचे दहा दिवस घर बंद करण्यात गेले. बंद म्हणजे खरंच बंद. चिमणीच्या नळीला नवं झाकण आणि त्यावर बारीक तारेची जाळी. मोरीच्या जाळीचा प्लॅस्टिकचा कोपरा कुरतडलेला निघाला, तिथे स्टीलची जाळी. गॅसच्या नळीभोवतीची फट, नळाच्या पाइपाभोवतीची फट, एसीच्या पाइपाचं भोक, सगळीकडे आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि वरून सिमेंट भरलं. तार दातात अडकते, म्हणून उंदीर ती ओढायच्या फंदात पडत नाही. घरातला लहान उंदीर करंगळी जाईल एवढ्या भोकातूनही शिरतो, त्यामुळे मी करंगळी घेऊनच भिंती चाचपल्या. फ्रिजही पुढे ओढला. त्याच्या मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरजवळही ऊब असते. तिथे घरटं नव्हतं, पण कागदाचे चार तुकडे होते, म्हणजे जागा बघून ठेवलेली होती.

पिंजरा लावायचीही एक रीत असते, ती मला मासींनी शिकवली. उंदीर नव्या वस्तूला भितो. म्हणून पहिले तीन दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवायचं आणि आत शेंगदाण्याचा कूट-गूळ ठेवायचा. पिंजरा भिंतीला अगदी चिकटून, कारण तो भिंतीला अंग घासतच जातो. चौथ्या दिवशी दार सोडायचं. त्या रात्री एक मोठी उंदरी सापडली. तीच असेल असं वाटलं. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही. ह्यांनी सकाळी पिंजरा नेला. कुठे नेला ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

औषध टाकण्यावरून मात्र सोसायटीच्या सभेत मी भांडले. पेस्ट कंट्रोलवाले पार्किंगमध्ये ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवणार होते. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस रक्तस्राव होऊन मरतो. तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. आमच्या मागच्या कडुलिंबावर गव्हाणी घुबडांची जोडी आहे, संध्याकाळी पांढरं तोंड घेऊन बसलेली दिसते. एका रात्रीत ती जितके उंदीर उचलते तितके आमचे पिंजरे आठवड्यात धरत नाहीत. विषारी उंदीर तिच्या पोटात गेला तर तीही मरायची. मी हे सगळं सांगितलं. ठराव तरीही झाला, फक्त वड्या बंद पेटीत आणि फक्त गटाराच्या बाजूला ठेवायच्या, असं एक वाक्य मी त्यात घालून घेतलं. घुबडं अजून येतात. दर संध्याकाळी मोजते, दोन.

कंपनीच्या हमीपत्राची गोष्ट थोडक्यात सांगते. मोटरला हमी होती. फोनवर त्यांनी सांगितलं, उंदरांनी केलेलं नुकसान त्यात बसत नाही, आणि हमीपत्रात बारीक अक्षरांत तसं होतंही. नवी वायर, नवा कपॅसिटर, मागच्या कप्प्याला पत्र्याचं झाकण आणि वायरच्या भोकाला धातूची कडी, असं सगळं भाईंनी दोन दिवसांत करून दिलं. मोटर वाचली. जाताना म्हणाले, दळून झाल्यावर खालून झाडत जा, बेन. मी मान हलवली. मला ते शब्द दुसऱ्या आवाजात ऐकू आले.

दळायची खोली, जाळ्या, डबा, सगळं मी तीन वेळा गरम पाण्यानं धुतलं आणि उन्हात वाळवलं. हातात मोजे, तोंडाला फडकं. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ उडते. ब्लीचचं पाणी शिंपडून, दहा मिनिटं थांबून ओल्या कागदानं उचलायच्या. हे आधी माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी कुंच्यानं झाडलंच होतं.

राहिलं फिल्टरचं कापड. बाजारात मिळतं. मी आणलंही, पण त्याची वीण विरळ वाटली. मग माझी एक जुनी सुती साडी काढली, मुलगी झाली तेव्हा आईनं बारशाला नेसवलेली, पिवळसर, धुऊन धुऊन मऊ झालेली. जुन्या कापडाची इलॅस्टिकची कड मी ठेवली होती, उकळून घेतलेली. ती टेबलावर पसरली तेव्हा तिचा गोल स्वच्छ दिसला. त्याच गोलावर खडूनं रेघ मारली आणि कापलं. सासूबाईंनी शिवताना दोनदा टीप मारली होती, पहिली बारीक, दुसरी त्यावर अर्धा बोट आत. मीही तशीच मारली. पुण्याला मुलीला व्हिडिओवर दाखवलं. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, ती माझ्या बारशाची आहे ना?" मी हो म्हटलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी घंटी सुरू केली. भाजणी नव्यानं भाजून ठेवली होती. पहिली टाकून दिली होती, तिला उघड्यावर राहून फार दिवस झाले होते. आवाज पूर्वीसारखाच आला. आधी दोन वाट्या तांदूळ नुसते टाकायचे म्हणून घेतले, आतलं काही राहिलं असेल ते निघून जायला.

दार उघडंच होतं. मासी आल्या. काखेत स्टीलचा डबा. झाकणावरून गव्हाचे दोन दाणे खाली पडले, ते त्यांनी वाकून उचलले. दुसऱ्या मजल्यावरून कोणी आलं नव्हतं. त्यानंतरही आलं नाही. ती आई आता बाहेरून पाकिटातलं पीठ आणते. जिन्यात भेटली की हसते. मुलीला मात्र खाली खेळायला पाठवते.

मी मासींना म्हटलं, "आज नको ना, मासी. पहिलं दळण फेकायचंय. दुसरंही फेकणार आहे."

"आणि तिसरं?"

"तिसरं आमच्या घरचं. आम्ही खाऊन बघू. तुमचं उद्या."

मासींनी डबा ओट्यावर ठेवला, खुर्ची ओढली आणि घंटीसमोर बसल्या. "तिसऱ्यात माझा गहू टाक," म्हणाल्या. मग घंटीच्या आवाजात आम्हाला एकमेकींचं काही ऐकू आलं नाही. तांदळाची पिठी पिवळसर कापडातून भुरभुरत डब्यात पडत होती. मी ब्रश हातात घेऊन उभी होते.